रायझोबियमचा प्रयोग: दोन्ही कुंड्या सारख्याच दिसत असतील तर काय तपासायचं

दिवाळीची सुट्टी संपली की तालुका विज्ञान प्रदर्शनाची गडबड चालू होते आणि दरवर्षी तोच प्रॉब्लेम घेऊन पोरं येतात. एका कुंडीत हरभरा-मूग असलं शेंगवर्गीय साधं बी लावलं, दुसरीत रायझोबियम (असल्या पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे जिवाणू) चोळलेलं तेच बी लावलं, पंधरा-वीस दिवस पाणी घातलं आणि दोन्हीकडची रोपं डिट्टो सारखी. कधीकधी तर जिवाणूवाली कुंडीच मागं पडलेली असते. मग सर म्हणतात रीडिंग जरा ॲडजस्ट कर, आई म्हणते जिवाणूचं दुसरं पाकीट आण, आणि प्रदर्शन आठवड्यावर आलेलं असतंय.

रीडिंग ॲडजस्ट करू नका आणि पाकीट पण लगेच बदलू नका. बहुतेक वेळा जिवाणू काम करत नाहीत असं नसतंच, ते दोन्ही कुंड्यांत आधीपासून हजर असतात. म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या ज्या बिनजिवाणूच्या कुंडीला तुम्ही कंट्रोल म्हणताय तो कंट्रोलच नाही. फरक दिसणार कुठून?

माती आणता कुठून ते आधी बघा. मिरज, वाळवा, पलूस, कराड ह्या पट्ट्यात उसाच्या मधी सोयाबीन, हरभरा, भुईमूग काहीतरी फिरत असतंय, आणि ज्या रानात ते पीक चार-दोन वर्षांत होऊन गेलंय तिथं त्याचे जिवाणू मातीत राहून जातात. ती माती कुंडीत भरली की बिनजिवाणूच्या कुंडीत पण गाठी येणारच. वरनं त्यात शेणखत मिसळलेलं असतंय, आणि घरात आजोबा असतील तर नातवाचं रोप बारीक दिसतंय म्हणून मायेनं चिमूटभर युरिया टाकलेला असतो आणि हे कुणी सांगत पण नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. झाडाला नायट्रोजन आयता मिळाला की ते गाठी करायच्या भानगडीत पडत नाही, कारण गाठीतल्या जिवाणूंना झाडानं स्वतःची साखर द्यावी लागते, फुकट कुणी काम करत नाही. त्यामुळं जितकी माती भारी तितका हा प्रयोग फसायचा चान्स जास्त.

दुसरं कारण वेळ. बियाच्या दोन डाळिंब्यांत साठवलेलं अन्न असतंय आणि सुरवातीला रोप त्याच्यावरच जगतं, तेव्हा हवेतला नायट्रोजन आला काय आणि नाही आला काय, उंचीत काही कळत नाही. मुगाला-चवळीला गाठी दोनेक आठवड्यांत दिसायला लागतात पण त्या कामाला लागून पानाचा रंग बदलेपर्यंत तीन-चार आठवडे जातातच, हरभऱ्याला थंडीत अजून थोडे. पंधरा दिवसांच्या प्रोजेक्टमधी हा प्रयोग बसत नाही, ३५ ते ४० दिवस हातात ठेवा. प्रदर्शन डिसेंबरच्या शेवटी असेल तर पेरणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत झाली पाहिजे, आणि पेरायच्या आधी वाळू धुवायला, गरम करायला दोन दिवस लागतात ते वेगळेच.

आता उपाय. माती सोडा, वाळू घ्या.

ही काही माझी आयडिया नाही, मूळ शोधच असा लागलाय. जर्मनीत बेर्नबुर्गला हेर्मान हेलरीगेल नावाचा शास्त्रज्ञ होता, त्यानं आणि विल्फार्थनं वाळूत ओट आणि वाटाणा लावून बघितले. ओटला जेवढं नायट्रोजनचं खत घालाल तेवढाच तो वाढायचा, वाटाणा मात्र खत नसताना पण काही कुंड्यांत जोमानं यायचा आणि काहींत उपाशी राहायचा. मग त्यांनी भाजून काढलेल्या वाळूत थोडं शेतातल्या मातीचं पाणी घातलं की वाटाण्याला गाठी आल्या आणि तो हिरवागार झाला, तेच पाणी उकळून घातलं की काही नाही. १८८६ ला त्यानं हे बर्लिनच्या सभेत सांगितलं, १८८८ ला सविस्तर छापलं, आणि त्याच वर्षी बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञानं गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. आपल्याला नववीच्या पोरासाठी ह्याहून चांगला प्रयोग सापडणार नाही, आणि ह्याला दुकानातलं पाकीट पण लागत नाही.

वाळू बांधकामावरची चालते, नदीची मिळाली तर उत्तम, क्रशसँड असेल तर त्यातली भुकटी निघून पाणी नितळ येईपर्यंत बादलीत धुवा. फुटाणेवाल्याच्या भट्टीतली वाळू आयती तापलेली असती म्हणून एक पोरगं ती घेऊन आलं होतं, डोकं चांगलं चालवलं होतं त्यानं पण तिच्यात मीठ असतंय, ती नको. धुतलेली वाळू ओलसर असतानाच स्टीलच्या डब्यात भरून कुकरमधी खाली पाणी आणि जाळी ठेवून शिजवायची, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून तासभर. हे काम घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा आणि वाळू कुकरच्या तळाला थेट ओतू नका, शिट्टीत कण अडकला तर महागात पडेल. तासाभरात सगळे जिवाणू मरतात असं नाही, काही जिवाणू स्पोर, म्हणजे जाड कवचाची झोपेची अवस्था, करून टिकतात. पण रायझोबियम स्पोर करत नाही, तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेत टिकत नाही, आणि आपल्याला त्याचीच गैरहजेरी पाहिजे. फक्त चार्टवर निर्जंतुक वाळू असं लिहू नका, तापवलेली वाळू लिहा, परीक्षक त्यावरच पकडतात.

नुसत्या वाळूत रोप मरतुकडं होणार कारण तिच्यात खायला काहीच नाही. आपल्याला नायट्रोजन सोडून बाकी सगळं द्यायचंय. इथं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या पोरांची मजा आहे, द्राक्षवाल्याच्या शेडमधी सगळं सामान पडलेलं असतंय. खताच्या पिशवीवरचे तीन आकडे वाचा, पहिला आकडा नायट्रोजनचा. म्हणून १९:१९:१९ नको, १२:६१:०० नको, ००:५२:३४ चालतंय. एक लिटर पाण्याला पाव ग्रॅम ००:५२:३४ आणि अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, आणि भरतानाच प्रत्येक कुंडीच्या वाळूत चिमूटभर जिप्सम मिसळून टाका, त्यातनं कॅल्शियम मिळतं. चिलेटेड लोह मिळालं तर लिटरला अगदी कणभर. ह्यापेक्षा जास्त घालायचा मोह होतो, घालू नका, वाळू काही धरून ठेवत नाही आणि मुळं पोळतात.

मातीचं पाणी असं करा. तुम्ही जे पीक लावणार त्याच पिकाच्या रानातली, गेल्या हंगामातल्या धसकटाजवळची दोन-चार मुठी माती घ्या, उकळून गार केलेल्या पाचपट पाण्यात ढवळा, अर्धा तास ठेवा, वरचं गढूळ पाणी फडक्यातनं गाळून काढा. त्याचे दोन भाग करा. एक भाग तसाच कच्चा, दुसरा वीस-तीस मिनिटं उकळून पूर्ण गार केलेला. पेरताना प्रत्येक बियापाशी दोन-तीन चमचे. आता दोन्ही कुंड्यांत तीच वाळू, तेच खत, त्याच मातीतले तेच क्षार गेले, फरक फक्त जिवंत आणि मेलेल्याचा. कंट्रोल म्हणजे हा. नुसतं काही न घालता ठेवलेली कुंडी कंट्रोल होत नाही हे पोरांना कितीही सांगितलं तरी पटत नाही, एकदा परीक्षकांनी विचारलं की मग पटतं.

अजून एक तिसरा सेट ठेवाच. ह्याला उकळलेलं पाणी द्यायचं आणि वरनं नायट्रोजन द्यायचा, १३:००:४५ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातनं दोनदा. हा सेट म्हणजे तुमचा साक्षीदार. हा हिरवा आला आणि उकळलेल्यावाला पिवळा पडला तर कमी होता तो नायट्रोजनच हे सिद्ध झालं. हा पण पिवळाच राहिला तर घोटाळा दुसरीकडं आहे, ऊन, पाणी, लोह, काहीतरी, आणि जिवाणूला दोष द्यायचं कारण नाही. प्रत्येक सेटला एकेक कुंडी ठेवून भागत नाही, पाच-सहा तरी पाहिजेत, आइस्क्रीमचे डबे किंवा दुधाच्या पिशव्या खालनं भोक पाडून चालतात. भोक विसरू नका, पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि गाठी होत नाहीत.

पीक कुठलं घ्यायचं? इथं बरेच जण हुकतात. रायझोबियम म्हणजे एकच जिवाणू असं समजून सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चोळतात. प्रत्येकाचा जोडीदार वेगळा. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग ह्यांचा एक गट, एकाचा दुसऱ्याला चालतो. वाटाणा आणि मसूर एक गट. मेथी आणि लसूणघास एक. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा, घेवड्याचा वेगळा, मग तो कोरेगावचा वाघ्या घेवडा असला तरी. डिसेंबरच्या थंडीत मूग-चवळी नुसती उभी राहतात, वाई-महाबळेश्वर बाजूला तर विचारूच नका, तेव्हा हिवाळ्यात हरभरा, वाटाणा नाहीतर मेथी घ्या. मला स्वतःला मेथी आवडते, बी बारीक असल्यामुळं साठा लवकर संपतो आणि फरक लवकर दिसतो, फक्त गाठी बारीक असतात, भिंग लागतं. जून-जुलैत करणार असाल तर मूग, चवळी, सोयाबीन मस्त.

सोयाबीनचं एक वेगळं पण करता येतं आणि ते मला वाळूच्या प्रयोगापेक्षा पण भारी वाटतं. सोयाबीन आपल्याकडं बाहेरनं आलेलं पीक, त्याचा जिवाणू जिथं ते कधी पेरलंच नाही तिथल्या मातीत बऱ्याचदा नसतो नाहीतर अगदी तुरळक असतो. जत, आटपाडी, माण, खटावकडं ज्या रानात पिढ्यानपिढ्या बाजरी-ज्वारीच झालीय तिथली माती आणि वाळव्याकडची दरवर्षी फुले संगम हे सोयाबीनचं वाण पेरणाऱ्याच्या रानातली माती, दोन्ही न तापवता कुंड्यांत भरा, एकच बी लावा आणि महिन्यानं मुळं बघा. पाहुणे दोन्हीकडं असतातच, माती एसटीनं येऊ शकते.

पाकीटच वापरायचंय असं सरांनी ठरवलं असेल तर मग पाकीट नीट बघा. पावडरवालं असेल तर नियमाप्रमाणं एका ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, लिक्विडला एका मिलीला १० कोटी, पण हे तारखेच्या आत आणि नीट ठेवलं असेल तर. पत्र्याच्या शेडमधी मे महिना काढलेलं पाकीट म्हणजे जिवाणू ज्यात मिसळतात ती नुसती लिग्नाईटची (कोळशाची) भुकटी. मोठं दुकान बघा जिथं माल फिरतो, पाकिटावर पिकाचं नाव आणि तारीख वाचा, घरी आणून खिडकीत ठेवू नका. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला असतं, म्हणजे तुमच्या वाटीभर बियाला अर्धा-एक चमचा. पावडर बियाला चिकटावी म्हणून लावायचं गुळाचं पाणी गार करूनच लावा, बी सावलीत सुकवा, लगेच पेरा. आणि बी किराणा दुकानातलं किंवा घरचं घ्या, कृषी सेवा केंद्रातलं लाल-गुलाबी रंगाचं बी बुरशीनाशक लावलेलं असतंय, त्यावर जिवाणू लावणं म्हणजे लावल्या लावल्या मारणं. इथं पण कंट्रोलचं तेच, उरलेलं पाकीट पाण्यात कालवून उकळून मग गार करून ते दुसऱ्या बियाला लावायचं, गूळ दोन्हीकडं सारखा.

आता समजा हे सगळं केलं तरी उकळलेल्या सेटमधी गाठी आल्या. मग जिवाणू कुठनं गेले ते शोधा. पाणी आधी कच्च्यावाल्या कुंडीला आणि मग त्याच तांब्यानं दुसरीला घातलं असेल तर झालंच कल्याण. आधी कंट्रोल, मग नायट्रोजनवाला, शेवटी जिवंतवाला, हा क्रम रोज पाळा आणि तांब्या वेगळा ठेवा. कुंड्या चिकटून ठेवू नका, खाली एकच ट्रे नको, एकीचं निथळलेलं पाणी दुसरी पिते. हात धुवा. बियाच्या सालीवर पण जिवाणू असतात, म्हणून पेरायच्या आधी कपड्याच्या लिक्विड ब्लीचमधी तेवढंच पाणी घालून बी तीन मिनिटं बुडवा आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं पाच-सहादा खळखळून धुवा, हे पण मोठ्यांच्या देखत आणि खिडकी उघडी ठेवून. घालायचं पाणी उकळून गार केलेलंच, नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि विहिरीच्या पाण्यात काय असेल सांगता येत नाही.

उलटं झालं, म्हणजे कुठंच गाठी नाहीत? मातीचं पाणी गरम असताना वापरलं का बघा. चुकीच्या पिकाच्या रानातली माती घेतली का बघा. कृष्णाकाठच्या खारपड, चोपण झालेल्या रानातली माती असेल तर तिच्यातले क्षार पण नडतात, दुसरीकडची घ्या. आणि सगळ्यात आधी विचारा की कुणी खत टाकलं का, मी वर आजोबांचं सांगितलंच.

पिवळेपणा बघताना पण फसायला होतं. नायट्रोजन कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातला नायट्रोजन काढून नव्याला देतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर ते लोह कमी आहे, उसावर केवडा पडतो तसलंच. तो पिवळेपणा नायट्रोजनच्या खात्यात लिहू नका.

उंची मोजून काही हाती लागत नाही, सावलीतलं रोप उगंच लांबतं. कुंड्यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहा आणि शेवटी गाठींची संख्या, गाठ कापल्यावरचा रंग आणि वाळलेल्या रोपाचं वजन ह्या तीनच गोष्टी घ्या. रोप उपटू नका, उपटलं की गाठी वाळूतच राहतात. डबा कापून सगळा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. वजनाला मुळं-पानं कागदात गुंडाळून कडक वाळवा, दोन दिवस लागोपाठ वजन तेवढंच आलं की वाळलं असं समजा. शाळेतला तराजू बारीक वजनाला चालत नसेल तर सराफाकडं गोड बोलून काम होतं, आमच्याकडं पेठेत कुणी नाही म्हणत नाही.

परसातल्या मातीत प्रयोग केला असेल तर एक बघा, मुळाला दिसणारी प्रत्येक फुगवटी रायझोबियमची गाठ नसते. वांगी-टोमॅटो-डाळिंब जिथं असतंय तिथं सूत्रकृमी (मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) भरपूर, ते पण मुळावर गाठी करतात. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असती, नखानं ढकलली की सुटते. सूत्रकृमीत मूळच फुगलेलं असतं, सुटत नाही. हा फरक न कळल्यामुळं उत्तम मार्क जाताना मी बघितलेत.

जिवामृत, ॲझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा वापरू का हे पण हमखास विचारतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, जिवाणूंच्या प्रोजेक्टमधी तिचं काय काम. ॲझोटोबॅक्टर मातीत मोकळा राहतो, गाठी करत नाही, त्याचा परिणाम कुंडीत महिन्याभरात दाखवणं अवघड. जिवामृतात शेण-गोमूत्राचा नायट्रोजन आयता असतो, त्यामुळं रोप वाढलं ते जिवाणूनं का खतानं हे सांगता येत नाही, करायचंच असेल तर कंट्रोलला उकळलेलं जिवामृत, आणि ते घरात उकळायचं का अंगणात हे आईला विचारून ठरवा.

प्रदर्शनाच्या दिवशी रोपं आदल्या रात्री सोडवून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत मुळं बुडवून न्या. गाठी आधीच कापून चिकटवून ठेवू नका. आत जो गुलाबी रंग असतो तो लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, जिवाणूच्या कामाला नडणारा ऑक्सिजन तो आवरून धरतो, पण गाठ कापून उघडी ठेवली की थोड्या वेळात तपकिरी होते आणि परीक्षकांना कुजल्यासारखी दिसते. ब्लेड आणि भिंग टेबलावर ठेवा, परीक्षक समोर आले की सरांना किंवा मॅडमना कापायला सांगा. गुलाबी निघाली तर काम चालू आहे, पांढरी असेल तर अजून लहान आहे नाहीतर निकामी, हिरवट असेल तर म्हातारी झाली. कंट्रोलमधी एखाद्या रोपाला दोन-चार गाठी आल्या असतील तर ते रोप लपवू नका, तक्त्यात तसंच लिहा आणि शेजारी पाणी घालायचा क्रम लिहा.